लेव्हल कोणती?

डेव्हज हॉट चिकन या अमेरिकी साखळीच्या दुकानात ‘रीपर’ मागवायचं तर आधी एका कागदावर सही करावी लागते. पुढे जे होईल ते आपल्या जबाबदारीवर, असा त्या मजकुराचा मथितार्थ. सही करणारा बहुधा तो मजकूर वाचत नाही. फोन मित्राच्या हातात दिलेला असतो आणि सही करणारा स्वतः कॅमेऱ्याकडे बघून हसत असतो. तिखट अजिबात नको इथपासून रीपरपर्यंत या साखळीत सात लेव्हल आहेत. गप्पा मात्र सातव्या लेव्हलच्याच होतात.

झणझणीत तळलेल्या कोंबडीचं नवं दुकान कुठंही उघडलं की हेच घडतं. जाऊन आलेल्याला पहिला प्रश्न येतो, किती तिखट होतं? कोंबडी आतून रसरशीत होती का, वरचं आवरण कुरकुरीत राहिलं का, तेल ताजं होतं का, हे कुणी विचारत नाही. आणि जाऊन आलेला माणूसही घाम किती आला तेच सांगतो. नवं दुकान पारखायची याहून वाईट पद्धत नसेल. हे नाजूक जिभेच्या माणसांचं रडगाणं नाही. ज्या पदार्थाच्या नावावर ही दुकानं चालतात, त्याचा स्वतःचा इतिहासच या पद्धतीच्या विरोधात जातो.

हा पदार्थ अमेरिकेच्या टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहराचा, त्यातही तिथल्या कृष्णवर्णीय वस्तीचा. त्याची जन्मकथा प्रिन्स घराणं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलंय. थॉर्नटन प्रिन्स हा देखणा आणि रंगेल गडी. शनिवारची रात्र बाहेर काढून तो घरी परतला. सोबत राहणाऱ्या बाईने रविवारच्या न्याहारीला कोंबडी तळली आणि अद्दल घडवायची म्हणून तिच्यात मिरचीची पूड सढळ हाताने ओतली. प्रिन्सने ती मिटक्या मारत खाल्ली आणि भावांनाही खिलवली. पुढे १९३०च्या दशकात ‘बीबीक्यू चिकन शॅक’ नावाचं दुकान उभं राहिलं. कथा खरी किती आणि रंगवलेली किती, हे कोण सांगणार? पण तिच्यातली एक गोष्ट लक्षात राहते. त्या बाईचं नाव प्रिन्स घराण्यातही कुणाला ठाऊक नाही. पदार्थ तिच्या हातचा, पाटी त्याच्या नावाची. स्वयंपाकाच्या इतिहासात हे नवं नाही, आपल्याकडे तर मुळीच नाही.

पदार्थ साधा दिसतो, पण करायला साधा नाही. हाडासकट तुकडे मसाल्यात मुरवून, पिठात घोळवून बिडाच्या कढईत तळायचे. तोवर अमेरिकेतली जवळजवळ सगळी दक्षिणेकडची राज्यं एका वाटेने चालतात. नॅशव्हिलची खुबी पुढे आहे. केयेन मिरचीच्या पुडीत डुकराची चरबी किंवा कढईतलंच गरम तेल घालून लेप करायचा आणि गरम तुकड्यांवर तो फासायचा. लसूण, थोडी साखर, आणखी काय काय, ते ज्याचं त्याचं गुपित. मग पांढऱ्या ब्रेडच्या कापावर तुकडा ठेवायचा आणि वर आंबवलेल्या काकडीच्या चकत्या काडीने टोचून द्यायच्या.

कोल्हापूरच्या स्वयंपाकघरात वाढलेल्या माणसाला त्या लेपात नवं काही वाटणार नाही. तर्री म्हणजे तरी दुसरं काय? तिखट तेलात फुलवायचं, करपू द्यायचं नाही. मिरचीचा जहालपणा ज्या द्रव्यात असतो ते कॅप्सेसिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून तेलात फुललेलं तिखट जिभेवर सगळीकडे सारखं पसरतं आणि त्याला स्वाद येतो. कोरडी पूड वरून भुरभुरवली तर ती कच्चट लागते, घशात ठसका उठतो. तेल फार तापलं तर पूड काळी पडते आणि कडवटपणा येतो. या दोन चुकांच्या मधली वेळ साधणं हेच कसब. बाकी दहा रुपयांच्या पुडीनेही नाका-डोळ्यांतून पाणी काढता येतं.

खालचा ब्रेड मात्र या पदार्थातला सर्वांत चतुर भाग. तुकड्यातून झिरपणारं लालभडक तेल तो पितो, आणि कोंबडी संपल्यावर हाताला लागतो तो तेल, तिखट आणि पिठाचा चुरा मुरलेला मऊ लगदा. काकडीचा आंबटपणा मध्येच जीभ धुऊन काढतो. म्हणजे तिखट, स्निग्ध, आंबट, फिकं, सगळ्यांना आपापली जागा आहे. तिखट त्यात पुढे असतं, पण एकटं नसतं.

आता लेव्हलचं. थॉर्नटन प्रिन्सच्या घराण्यातल्या आंद्रे प्रिन्स जेफ्रीज यांनी १९८० मध्ये दुकान हाती घेतलं आणि त्याला ‘प्रिन्सेस हॉट चिकन शॅक’ हे नाव दिलं. त्याआधी दुकानात एकच लेव्हल होती: तिखट. कमी तिखटाचे प्रकार या बाईंच्या काळात आले, कारण काही गिऱ्हाइकांना मूळचं झेपत नव्हतं. कुणाच्या सोबत मूल असायचं, कुणाच्या पोटाला सोसायचं नाही. लेव्हलची यादी जन्मली ती जास्तीत जास्त माणसांना एका टेबलावर बसता यावं म्हणून. ती वरून खाली उतरत गेली. पुढे प्रिन्सच्या फळ्यावर वरच्या लेव्हलही आल्या, हे खरं. पण ज्या क्रमाने ही यादी बनली तो विसरला गेला, आणि आज प्रत्येक नवं दुकान तिच्याकडे खालून वर बघायला शिकवतं. खालच्या लेव्हल भित्र्यांच्या, वरच्या मर्दांच्या. हॅटी बी’ज या नॅशव्हिलच्याच दुकानाने वरच्या लेव्हलला चक्क वात्रट नावं दिलीत. गंमत म्हणून ती चांगली आहेत, पण गिऱ्हाइकाला कुठं चढवायचंय हेही ती सांगून जातात.

हॅटी बी’ज उघडलं २०१२ साली. एका गोऱ्या कुटुंबाचं दुकान. त्याआधीची सत्तर-पंच्याहत्तर वर्षं हा पदार्थ कुठं होता? होता तिथंच होता. वंशभेदाच्या काळात प्रिन्सच्या दुकानात उलटा न्याय चाले. कृष्णवर्णीय गिऱ्हाइकं पुढे बसत आणि गोऱ्यांची बसायची सोय मागच्या खोलीत असे. जवळच्या रायमन सभागृहात ‘ग्रँड ओल ऑप्री’चा कार्यक्रम संपला की त्यातले गायक-वादक रात्री उशिरा खायला यायचे. बाहेरच्या नॅशव्हिलला मात्र या वस्तीत काय शिजतं याचा गंध नव्हता. १९६०च्या दशकाच्या अखेरीला आंतरराज्य महामार्ग ४० उत्तर नॅशव्हिलमधून नेण्यात आला आणि जेफर्सन स्ट्रीट या कृष्णवर्णीयांच्या भरभराटीच्या रस्त्याची दोन शकलं झाली. याच रस्त्यावरच्या क्लबांत १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जिमी हेंड्रिक्स गिटार वाजवून पोट भरत होता. घरं गेली, दुकानं गेली, गिऱ्हाईक पांगलं. प्रिन्सचं दुकानही वेळोवेळी जागा बदलत राहिलं.

२००७ मध्ये महापौर बिल पर्सेल यांनी हॉट चिकनचा महोत्सव सुरू केला. पर्सेल स्वतः प्रिन्सच्या दुकानाचे जुने गिऱ्हाईक. तिथून पुढची घोडदौड वेगवान आहे. २०१३ मध्ये प्रिन्सला जेम्स बीअर्ड फाउंडेशनचा ‘अमेरिकाज क्लासिक्स’ सन्मान मिळाला. २०१६ मध्ये केएफसीने ‘नॅशव्हिल हॉट’ देशभर विकायला काढलं. २०१७ मध्ये लॉस एंजेलिसच्या ईस्ट हॉलिवूडमधल्या एका पार्किंगच्या जागेत काही आर्मेनियन-अमेरिकी मित्रांनी नऊशे डॉलर घालून डेव्हज हॉट चिकन थाटलं. २०२१ मध्ये ड्रेक या रॅप गायकाने त्यात पैसे गुंतवले. २०२५ मध्ये रोआर्क कॅपिटल या गुंतवणूक कंपनीने साखळीतला मोठा हिस्सा घेतला तेव्हा तिची किंमत सुमारे एक अब्ज डॉलर धरली गेली. आणि प्रिन्सचं ईविंग ड्राइव्हवरचं जुनं दुकान? शेजारच्या दुकानात गाडी घुसून लागलेल्या आगीनंतर, २०१८ च्या डिसेंबरात, ते बंद पडलं. घराण्याची दुसरीकडची दुकानं चालू आहेत, एवढाच दिलासा.

यात डेव्हवाल्यांना दोष द्यायचं कारण नाही. नऊशे डॉलरवर धंदा उभा करणं खायचं काम नव्हे, आणि पदार्थ कुणाच्या मालकीचे नसतात. पण साखळीला पदार्थ न्यायचा तर तो सुटसुटीत करावा लागतो, आणि काय टाकून द्यायचं हे तिथं ठरतं. हाडाचा तुकडा गेला, कारण मांडी आतपर्यंत शिजायला वेळ घेते आणि प्रत्येक मांडीचा आकार निराळा. त्याजागी छातीच्या मांसाच्या बिनहाडी पट्ट्या आल्या. त्या एका मापाच्या, चटकन तळून होणाऱ्या. त्यात नवशिक्यालाही चूक करायला फारसा वाव नाही. चवीतला फरक मग कुठं दाखवणार? उरलं तिखट. ते मोजता येतं, त्याला नाव देता येतं, फोटोत लाल दिसतं.

मोजायची रीत जुनी आहे. विल्बर स्कोविल या अमेरिकी औषधशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात इतका पातळ करायचा की चाखणाऱ्यांना तिखट जाणवेनासं व्हावं, अशी पद्धत काढली. जितकं पाणी लागेल तितके एकक. केयेन मिरची साधारण ३० ते ५० हजारांच्या घरात येते. २०१३ मध्ये गिनीज बुकात गेलेली कॅरोलिना रीपर सरासरी १६ लाखांच्या वर. २०२३ मध्ये तिला मागे टाकणारी पेपर एक्स जवळपास २७ लाख. हे आकडे चमचमीत आहेत, पण त्यांतून निघणारा निष्कर्ष सहसा काढला जात नाही. रीपरची लेव्हल म्हणजे केयेनचा आणखी एक चमचा नव्हे. तिथं मिरचीच बदलते. नॅशव्हिलच्या लेपाला ज्या मिरचीचा रंग आणि स्वाद आहे ती मागे सरते आणि तिच्याहून निदान तीस पट जहाल जात पुढे येते. सर्वांत वरची लेव्हल मागवणारा माणूस त्या दुकानाचा मूळ पदार्थ खातच नाही.

शरीराचं म्हणणंही ऐकायला हवं. डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये कॅप्सेसिन मज्जातंतूंवरच्या ज्या ग्राहीवर (रिसेप्टरवर) जाऊन बसतं तो शोधून काढला. या कामासाठी ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल पारितोषिक मिळालं, अर्डेम पटापूटियन यांच्यासोबत. हाच ग्राही साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वरच्या उष्णतेने जागा होतो. म्हणजे तिखट लागणं ही गोड-आंबटासारखी चव नाही, चटका बसल्याची वर्दी आहे. म्हणूनच कढईतून नुकता निघालेला तुकडा कोमट तुकड्यापेक्षा जहाल वाटतो. मात्र मारा जोराचा झाला की हेच मज्जातंतू काही काळ सुस्तावतात. पहिल्याच घासाला रीपर खाल्ला की पुढची कोंबडी कशी झाली, हे सांगायला जीभ शुद्धीवर नसते. नव्या दुकानाबद्दल मत द्यायला निघालेल्या माणसाने सर्वांत आधी स्वतःचा साक्षीदार असा गमवावा, हे काही शहाणपणाचं नाही.

यात एक विनोदही दडलाय. पक्ष्यांमधला हा ग्राही कॅप्सेसिनला दाद देत नाही. पक्षी मिरच्या खुशाल खातात आणि बिया दूरवर पेरतात. झाडाचं बिऱ्हाड त्यांच्यावर चालतं. दातांनी बिया चावणाऱ्या प्राण्यांना मात्र झाड दूर ठेवतं. अमेरिकेत पक्ष्यांच्या दाण्यात मिरची मिसळतात ती खारींनी तो पळवू नये म्हणून. म्हणजे ताटातली कोंबडी हयात असती तर रीपरचा लेप तिने सही न करता टिपला असता.

मराठी माणसाला हे सांगायला गेलं की तो हसतो. आपल्याला काय तिखट शिकवता, आम्ही लवंगी मिरची तोंडी लावणारे. पुण्या-मुंबईत नॅशव्हिलच्या नावाने कोंबडी विकणारी दुकानं निघालीत, तिथं हा बाणा हमखास दिसतो. तो जरा तपासायला हवा. मिरची मुळात आपली नाही. पोर्तुगीजांबरोबर ती सोळाव्या शतकात गोव्याच्या वाटेने आली. आपल्या मसाल्यात रंगाला ब्याडगी असते, जी दिसायला लालबुंद पण तिखटाला बेताची, आणि तिखटाला दुसरी मिरची लागते. दोघींचं प्रमाण घराघरात वेगळं. कोल्हापूरच्या ताटात तांबड्या रश्श्याशेजारी पांढरा रस्सा येतो, तो उगाच नाही. सोळा लाखांच्या मिरचीची सवय यातून होत नाही. या स्वयंपाकाने शिकवलंय ते जहाल खाणं नाही, जहाल गोष्ट कशाशेजारी ठेवायची ते.

मिसळीच्या हॉटेलात कट वेगळ्या भांड्यात मिळतो. माणूस थोडा ओततो, चाखतो, पुन्हा ओततो, वाटलं तर दही मागवतो. तिखटाचा लगाम शेवटच्या घासापर्यंत खाणाऱ्याच्या हातात राहतो. लेव्हलच्या दुकानात निवड होते ती गल्ल्यावर, एकही घास तोंडात जायच्या आधी, मागे रांग उभी असताना आणि सोबतचे बघत असताना. अशा वेळी ‘माइल्ड’ म्हणायला जीभ वळत नाही. यादीत सौम्य लेव्हल असूनही लोक झेपेल त्याच्यापेक्षा एक-दोन पायऱ्या वरचं मागतात, त्याचं मोठं कारण हे.

तळलेल्या कोंबडीवरून आपल्याकडे एकदा फार निराळं भांडण झालं होतं. १९९५ मध्ये बंगळुरूत केएफसीचं देशातलं पहिलं दुकान उघडलं. महापालिकेने परवाना रद्द केला, प्रकरण न्यायालयात गेलं, आणि १९९६ च्या जानेवारीत कर्नाटक राज्य रयत संघाच्या कार्यकर्त्यांनी दुकानात घुसून मोडतोड केली. मोडतोडीचं समर्थन होऊ शकत नाही. पण प्रा. नंजुंडस्वामींच्या त्या संघटनेचे प्रश्न पदार्थाबद्दल होते: ही कोंबडी वाढते कशी, तिच्या तोंडी कुणाच्या वाट्याचं धान्य जातं, यात घातलंय काय. आज नव्या दुकानाला यातला एकही प्रश्न कुणी विचारत नाही. दुकानदारालाही ते बरंच पडतं. तिखटाच्या गोंगाटात कोंबडी कुठून आली हे विचारायचं राहून जातं.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो फालतू नाही. लोकांना जळजळीतच मजा येते, मग येऊ दे की. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी या मजेवर आयुष्यभर विचार केला. शरीर धोक्याची घंटा वाजवतं, मनाला धोका नाही हे ठाऊक असतं, आणि या तफावतीतून सुख मिळतं, असं त्यांचं म्हणणं. भुताच्या सिनेमात किंचाळणं आणि मिरची खाऊन हाशहुश करणं एकाच जातीचं. पण याच रोझिन यांनी डेबोरा शिलर यांच्यासोबत १९८० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. तिखटाच्या शौकिनांना सर्वांत जास्त आवडतं ते असह्य होण्याच्या किंचित अलीकडचं तिखट. ज्याची त्याची हद्द वेगळी, पण सुख हद्दीच्या अलीकडे. मेक्सिकोतल्या गावात मुलं मिरचीला सरावतात तीही घरात, हळूहळू, मोठ्यांचं बघत. तेव्हा मजेच्या बाजूने बोलायचं तरी सातवी लेव्हल हरतेच. हद्द ओलांडल्यावर जे उरतं ते सांगायला बरं असतं, खायला नाही.

कधीकधी ते सांगायलाही बरं नसतं. २०१८ मध्ये ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’मध्ये एका चौतीस वर्षांच्या माणसाची हकिकत आली. रीपर मिरची खाण्याच्या स्पर्धेनंतर त्याच्या डोक्यात असह्य कळा उठल्या, आणि तपासणीत मेंदूच्या रक्तवाहिन्या काही काळ आकसल्याचं दिसलं. तो बरा झाला. २०२४ मध्ये डेन्मार्कच्या अन्न प्रशासनाने साम्यांग या कोरियन कंपनीच्या तिखट नूडल्सचे तीन प्रकार बाजारातून मागे घ्यायला लावले. त्यांतले दोन पुढे परत आले. डेन्मार्कच्या जिभेवर विनोद खूप झाले, पण प्रशासनाची काळजी लहान मुलांची होती आणि ती वाजवी होती.

मग नव्या दुकानात जाणाऱ्याने करावं काय? दोन तुकडे मागवावेत: एक अजिबात तिखट न लावलेला, एक मधल्या लेव्हलचा. हाडासकट मिळत असेल तर हाडासकट घ्यावा, थांबायला लागलं तरी. सोबत पाण्याऐवजी दूध नाहीतर ताक असावं. दुधातलं प्रथिन कॅप्सेसिनला धरून ठेवतं, पाणी ते नुसतं तोंडभर फिरवतं. आधी बिनतिखट तुकडा खावा. हॅटी बी’जच्या यादीत असा तुकडा ‘सदर्न’ नावाने तळाशी असतो आणि गिऱ्हाइकं तो पोरांसाठी घेतात. पण आवरण सुटतंय का, मीठ आतपर्यंत गेलंय का, तेल कालचं आहे का, या सगळ्याची उत्तरं त्यातच मिळतात, कारण लपायला त्याला तिखट नाही. मग मधली लेव्हल. ती अर्धी खाऊन झाली की तुकडा उचलून खालचा ब्रेड बघावा. तो तेलाने लाल झाला असेल तर लेप कढईशेजारी नीट फुलवून लावलाय, तोही आवडीने खावा. ब्रेड कोरडा आणि बोटांना पूड चिकटत असेल तर वरून नुसतं तिखट भुरभुरवलंय, आणि पुढच्या खेपेला दुसरं दुकान बघायला हरकत नाही.